लेकीला गहू चालत नाही, हे पाहुण्यांना कधी सांगायचं?

सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते आहे.

मुलगी 24 वर्षांची, शिकलेली, नोकरी करणारी. लहानपणापासून अंगाने बारीक. पाळी उशिरा आली, तोंड सारखं यायचं, पोट फुगायचं आणि हिमोग्लोबिन काही केल्या 8 च्या वर जाईना. जंताची औषधं झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली, दृष्टही काढून झाली. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी करायला लावली, मग दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे काढून तपासले आणि सिलिॲक आजाराचं निदान झालं. गहू बंद केल्यावर वर्षभरात पोरगी सावरली, हिमोग्लोबिन 12 वर आलं. आता स्थळं येताहेत. दोन ठिकाणी आधीच सांगितलं तर ‘मुलगी आजारी आहे’ म्हणून नकार आला. आता कराडकडचं चांगलं स्थळ आहे. एकत्र कुटुंब, घरची शेती, मुलगा नोकरीला. पुढच्या आठवड्यात पाहुणे यायचे आहेत. मावशी म्हणते, “सुपारी फुटेपर्यंत तोंड उघडू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची.” मुलगी म्हणते, “लग्नानंतर वर्षभर थोडी थोडी चपाती खाईन, घरात रुळले की सांगेन.” वडील काहीच बोलत नाहीत. सांगावं की झाकावं, सांगितलं तर कधी, आणि पुढे तिच्या मुलांनाही हेच होईल का, असं आईने विचारलं आहे. ‘धाकटा 16 वर्षांचा आहे, त्याला देवाच्या दयेने काही नाही,’ असंही लिहिलं आहे.

ताई, नमस्कार.

आधी लेकीच्या त्या वाक्याबद्दल बोलू. ‘थोडी थोडी चपाती खाईन’ हे ती समजूतदारपणे म्हणते आहे, कुणाला आपला त्रास नको म्हणून. पण तुम्ही दोघींनी एक गोष्ट नीट समजून घेतली की मावशीच्या सल्ल्याचं काय करायचं, हे आपोआप ठरेल.

गहू आणि जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिच्या शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडते. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, तीच अन्नातलं सत्त्व शोषून घेते. ही लव झडून सपाट झाली की लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं नुसती पोटातून पुढे निघून जातात. तुमची लेक इतकी वर्षं गोळ्या खात होती आणि रक्त वाढत नव्हतं, त्याचं कारण हेच. गहू थांबला तशी लव पुन्हा उगवली आणि साध्या जेवणातूनच रक्त भरलं. हे पचनशक्ती कमी असण्याचं दुखणं नाही, त्यामुळे थोडं थोडं खाऊन सवय होण्याचा प्रश्नच येत नाही.

आता ‘थोडं’ म्हणजे किती ते बघा. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिलं तरी दोन-तीन महिन्यांत आतड्यावर परिणाम दिसू शकतो. एका मध्यम चपातीत दोन ते अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे चपातीचा चाळिसावा-पन्नासावा हिस्सा, बोटाच्या पेराएवढा तुकडा. तो खाल्ला म्हणून त्या दिवशी कदाचित काहीच होणार नाही. पोट दुखणार नाही, जुलाब होणार नाहीत, आणि ‘बघ, काही झालं का?’ असं म्हणायला चार जणी पुढे येतील. या आजारात पुष्कळांना बाहेरून काही जाणवत नाही आणि आतली झीज चालू राहते. म्हणून ‘खाल्लं तर त्रास होत नाही’ हा पुरावा धरू नका.

आणि ती म्हणते ते वर्ष कुठलं? लग्नानंतरचं पहिलं. आपल्याकडे सहा महिने झाले की शेजारपाजारच्या बायका गोड बातमी विचारायला लागतात. गहू खाणं चालू असलेल्या सिलिॲकच्या बाईला दिवस राहायला अडचण येऊ शकते, गर्भपाताचा धोका वाढतो, बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. गहू पूर्ण बंद ठेवला तर हा धोका पुष्कळ कमी होतो आणि इतर बायकांसारखं सुखरूप बाळंतपण होतं. ज्या वर्षी तिने सगळ्यात जास्त जपायचं, नेमकं तेच वर्ष ती झाकण्यासाठी वापरू पाहते आहे.

मधुमेहाची गोळी बाथरूममध्ये जाऊन गुपचूप घेता येते. जेवण गुपचूप जेवता येत नाही. नव्या नवरीला तर नाहीच नाही. पहिल्या दिवशी सत्यनारायण, प्रसादाला रव्याचा शिरा. मग गोंधळ, पुरणपोळीचा नैवेद्य. मग देवदर्शन, पाहुण्यांकडे केळवणाची राहिलेली जेवणं. बायकांची पंगत शेवटी बसली की सासू मायेने ताटात चपाती वाढणार आणि ‘अगं, एवढी तरी घे’ म्हणणार. त्या घरात ती दिवसातून तीनदा जेवणार आहे. तिथे झाकायचं म्हणजे खायचंच, दुसरी वाट नाही. म्हणून ताई, माझं उत्तर सरळ आहे. सुपारी फुटायच्या आधी सांगा.

मावशींना मी वाईट म्हणणार नाही. दोन नकार त्यांनीही पाहिले आहेत, भाचीच्या काळजीनेच त्या बोलताहेत. पण सुपारी फुटल्यावर कळलं तर काय होईल, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. मोडलं तर बोभाटा होईल. नाही मोडलं तर ‘आम्हाला फसवलं’ हा शब्द त्या घरात कायमचा राहील, आणि तो ऐकायला मावशी नसतील, तुम्हीही नसाल. प्रत्येक भाकरीबरोबर तो तिला एकटीला ऐकावा लागेल.

एक विचारू? त्या दोन स्थळांना हे कुणी सांगितलं होतं, आणि कोणत्या शब्दांत? बहुतेक वेळा हे मध्यस्थामार्फत जातं आणि जाता जाता त्याचं ‘मुलीला पोटाचा काहीतरी मोठा आजार आहे, आयुष्यभराचा’ असं होतं. असं ऐकल्यावर कुठलीही आई घाबरेल. तुम्हीही घाबरला असता. पत्रात तुम्ही स्वतः ‘आजारी मुलगी’ असं तीनदा लिहिलं आहे. ती आज आजारी आहे का हो? दोन वर्षांपूर्वी होती. आज नोकरी करते, रक्त 12 आहे, औषधाची गोळीसुद्धा नाही. तिचं पथ्य आयुष्यभराचं आहे हे खरं, ते लपवायचंही नाही. पण तुमच्याच मनात ती आजारी असेल, तर समोरच्याला तेच ऐकू जाणार.

बायोडेटात लिहायची गरज नाही, पोहे पुढे आल्यावर सगळ्या बैठकीसमोर सांगायचीही गरज नाही. मुलगा-मुलगी बाजूला बसून बोलतात तेव्हा तिने स्वतः मुलाला सांगावं. ती 24 वर्षांची आहे, शरीर तिचं आहे, आणि या आजाराबद्दल तुमच्या घरात सगळ्यात जास्त तिलाच कळतं. त्याच संध्याकाळी तुम्ही मुलाच्या आईला फोन करा. मध्यस्थाला नको, वडिलांमार्फत वडिलांनाही नको. स्वयंपाकघर त्या बाईचं आहे, तेव्हा तिच्याशीच बोला. पहिल्या भेटीत जमलं नाही, दोघांनी एकमेकांना आधी पसंत करावं असं वाटलं, तर दुसऱ्या भेटीपर्यंत थांबलात तरी मी चूक म्हणणार नाही. पण याद्यांची बैठक व्हायच्या आत ते झालंच पाहिजे.

शब्द साधे ठेवा. “आमच्या मुलीला गहू आणि जव चालत नाहीत, एक घासही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, डाळी, दूध, भाज्या, अंडी, मटण सगळं चालतं. हा पसरणारा रोग नाही. गहू बंद केल्यापासून तब्येत चांगली आहे, पूर्वीचे आणि आताचे रिपोर्ट दाखवते. मनात काही असेल तर तिच्या डॉक्टरांशी बोला, आम्ही भेट घालून देतो.” एवढं पुरे. सुरात माफी नको.

मग त्यांचं उत्तर ऐका, कारण आता तुम्हीही ते घर बघायला बसला आहात. “मग काय झालं, आमच्यात भाकरीच असते की,” असं म्हणणारं घर माण-खटावपासून पाटणपर्यंत कुठेही भेटू शकतं. शाळूची भाकरी आपल्याकडे पथ्याचं जेवण नाही, रोजचं जेवण आहे. दोन पिढ्यांमागे कोरडवाहू गावांत चपाती सणालाच व्हायची. पण “लग्न झालं की आपोआप बरं होईल” किंवा “हे सगळं मनाचं असतं” असं कुणी म्हणालं, आणि समजावूनही तेच धरून बसलं, तर शेती कितीही असो, मी त्या घरात मुलगी देताना दहादा विचार करेन. पुन्हा नकारही येऊ शकतो. तो लागेल, नाही कसं म्हणू? पण जे घर एका धान्यावरून मागे फिरलं, तिथे तिला रोज जेवायला बसावं लागलं असतं.

‘पूर्वी नव्हतं असलं काही, शहरी फॅड आहे’ हे तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. त्यांना एक खरी गोष्ट सांगा. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे उपासमार झाली, पाव मिळेना. त्या दिवसांत त्यांच्याकडची सिलिॲकची मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. गव्हाशी असलेला संबंध डिके यांनी पुढे सिद्ध करून दाखवला. ही माहिती तेव्हापासूनची आहे, जाहिरातवाल्यांनी काढलेली नाही.

आता स्वयंपाकघर. सिलिॲकचं माणूस ज्यांच्या घरात आहे त्या सगळ्यांनीच हे वाचावं, कारण चपाती बंद केली म्हणजे गहू बंद झाला असं नसतं.

गिरणीत एकदा जाऊन उभ्या राहा. गव्हाचा डबा संपतो आणि त्याच दगडांवर तुमची ज्वारी पडते. दोन दगडांच्या मधल्या फटीत, पिठाच्या पिशवीत, खालच्या पेटीत आधीचं गव्हाचं पीठ अडकलेलं असतं आणि ज्वारीबरोबर तेच आधी बाहेर येतं. मुलगी इमानाने भाकरी खाते आणि तपासणीत मात्र आकडा चढाच, असं होतं ते इथे. गिरणीवाल्याला सांगून आधी थोडे तांदूळ दळून बाजूला काढले तर पीठ कमी मिसळतं, पण पूर्ण थांबत नाही. खरा उपाय म्हणजे घरघंटी, आणि तिच्यात गहू कधीच घालायचा नाही. लग्नात कपाट आणि ड्रेसिंग टेबल देणारच असाल, तर त्यातलं एक कमी करा आणि घरघंटी द्या. ज्वारी दुकानातून आणली तरी निवडून, धुऊन, वाळवून मगच दळा. तिच्यात गव्हाचे दाणे हमखास सापडतात.

दुसरी गोष्ट हिंगाची. तुमच्या घरातली डबी आज हातात घेऊन मागचा बारीक मजकूर वाचा. बाजारातला बराचसा बांधानी हिंग गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात बांधलेला असतो. म्हणजे आमटी, उसळ, पिठलं, पोहे, लोणचं, जिथे हिंग तिथे गहू. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा, नाहीतर हिंगच सोडा. निदान होऊन दोन वर्षं झाली तरी ही डबी तशीच राहिलेली घरं पुष्कळ आहेत.

तिची परात, तवा आणि चाळणी वेगळी. लाकडी पोळपाटाच्या भेगांत पीठ बसतं, ते धुऊन निघत नाही. आधी तिच्या भाकऱ्या, मग घरच्या चपात्या, असा क्रम ठेवला तर निम्मं काम होतं. पुऱ्या किंवा शंकरपाळ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळू नयेत. गव्हाला हात लागला म्हणून काही होत नाही, तोंडावाटे पोटात गेला तरच होतं. सासरी चपात्या लाटायची वेळ आली तर तिने हात धुऊन मग जेवावं. पण पीठ चाळण्याचं, मळण्याचं काम दुसऱ्या कुणी घेतलं तर बरं, पीठ उडतं आणि नाकातोंडात जातं.

आपल्या भागातला एक गैरसमज मुद्दाम सांगते. सातारा-सांगलीकडे खपली गव्हाची मोठी ख्याती आहे. ‘खपली पचायला हलका, तो चालतो’ असं कुणीतरी ठामपणे सांगेल आणि यात्रेतल्या खिरीची वाटी पुढे करेल. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, तो अजिबात चालत नाही. तसाच रवा, मैदा, शेवया, लापशी, गव्हाच्या कुरडया, थालीपिठाची भाजणी, टोस्ट, खारी, माल्टची पेयं, चायनीजच्या गाड्यावरचा सोया सॉस. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही. पण ती महागडी पाकिटं रोज लागत नाहीत. भाकरी, आंबोळी, घावन, झुणका, उसळ, भात आहेच. उपासाला तुमचं सगळं घर जे खातं, वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, ते तिचंही खाणं आहे. पुढच्या आठवड्यात पाहुण्यांपुढे ठेवाल ते कांदेपोहेसुद्धा, हिंग बघून घातला की झालं. हॉटेलात आख्खा मसूर मागवला तर रोटीऐवजी भाकरी सांगावी, आणि ती कुठल्या तव्यावर भाजतात ते विचारायला लाजू नये.

सत्यनारायणाच्या प्रसादाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते तुमच्या मनात असणारच. नवी सून प्रसाद नाही म्हणाली तर बायका बोलतात. प्रसाद हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि नवऱ्याला द्यावा. तीर्थ आणि केळं स्वतः घ्यावं. हे नवऱ्याला आधीपासून माहीत असेल तर तो हात पुढे करेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. लग्नाच्या दिवशीही आचाऱ्याच्या भरवशावर राहू नका, तिचा डबा घरून न्या. मांडवातली जिलेबी आणि गुलाबजाम मैद्याचे असतात आणि नवरी दिवसभर उपाशी राहते.

मुलांचं विचारलंत. सिलिॲक असलेल्या माणसाच्या आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार सापडतो. म्हणजे दहातल्या नऊ जणांना नाही. ज्या जनुकांमुळे हा होऊ शकतो ती शेकडा तीस-चाळीस माणसांत असतात, आणि त्यातल्या थोड्यांनाच तो होतो. सासूने विचारलं तर हेच खरं उत्तर द्या. ‘छे, काही होत नाही’ असं म्हणू नका. आणि झालाच तर त्या मुलाची आई पहिल्या दिवसापासून जाणकार असेल. तुमच्या लेकीसारखी दहा-बारा वर्षं त्याची फुकट जाणार नाहीत.

दिवस राहायच्या आधी तिने डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, बी-12, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि टीटीजी (सिलिॲक ओळखायची रक्तातली प्रतिद्रव्यं) यांची तपासणी करून घ्यावी. हाडांची घनता मोजायची का, तेही विचारावं. इतकी वर्षं कॅल्शियम शोषलं गेलेलं नाही. कुठलंही नवं औषध किंवा काढा घेताना त्यात गव्हाचा स्टार्च नाही ना, हे विचारायची सवय ठेवावी.

हे वाचून काही जणींना आपल्या घरातलं अशक्त, रक्त न वाढणारं पोर आठवेल. त्यांनी स्वतःच्या मनाने गहू बंद करू नये. तपासणी गहू खात असतानाच करायची असते. रक्तातली टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए, आणि गरज वाटली तर दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे. आधीच गहू सोडला तर आतडं भरून यायला लागतं, रिपोर्ट चांगला येतो आणि निदान लांबतं. मग खात्री करण्यासाठी डॉक्टरांना पुन्हा काही आठवडे गहू खायला सांगावं लागतं, आणि ते त्या पोराला जड जातं.

म्हणूनच ताई, तुमच्या धाकट्याचं. ‘त्याला काही नाही’ हे तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणताय, तपासून नाही. तो सख्खा भाऊ आहे, 16 वर्षांचा आहे, उंची वाढायची आणि हाडं भरायची हीच वर्षं आहेत. त्याची, तुमची आणि त्याच्या वडिलांची रक्ततपासणी या महिन्यातच करून घ्या. लग्नाच्या गडबडीत ती राहून जाईल. आणि तिघांचाही रिपोर्ट येईपर्यंत घरातली चपाती बंद करू नका.